गिटारचं वायरलेस घेण्याआधी स्टेजवरचं अर्थिंग बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका पालकांचं पत्र आलं होतं. त्यांचा मुलगा कॉलेजात आहे, मित्रांच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि गणपतीच्या आत वायरलेस (वायरऐवजी रेडिओलहरींनी गिटारचा आवाज पोचवणारं यंत्र) हवंच म्हणून हटून बसलाय. किंमत बारा हजार. इतकी वर्षं लोक वायर लावून वाजवत आले, मग आताच ही चैन कशाला, असं त्यांनी विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे त्याचं थोडं अनुभवाचं उत्तर आहे, म्हणून लिहितो. जागेअभावी काटछाट केलीत तरी चालेल, पण करंटबद्दलचा भाग तेवढा ठेवा, ही विनंती.

मी इचलकरंजीत ३१ वर्षं वायरमन म्हणून काम केलं. यंत्रमागाच्या कारखान्यांची वायरिंग, मोटारी, पॅनेल. दिवसा हे आणि रात्री ऑर्केस्ट्रात गिटार. गणपती, नवरात्र, लग्नसराई आणि सगळ्यांत जास्त म्हणजे चैत्र-वैशाखातल्या गावजत्रा. यात्रा कमिटीचा ट्रक यायचा, त्यात ड्रमसेट, अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा) आणि आम्ही आठ-दहा जण. माझी गिटार कलकत्त्याची गिव्हसन, सेकंडहँड घेतलेली. वायर वीस फुटी, दोन्ही टोकांना मीच डाग दिलेली.

१९९६ साली कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात जत्रेचा कार्यक्रम होता. संध्याकाळी वळीव येऊन गेला होता. स्टेजवरचं मॅटिंग ओलं, टेबलं ओली. मिक्सरला लाईन देवळाच्या मीटरवरून आणि आमच्या अँपना शेजारच्या एका घरातून ओढलेली. त्या बोर्डाला दोनच भोकं होती. माझ्या अँपच्या थ्री-पिनची अर्थची पिन आधीच्या एका गावात कुणीतरी मोडून टाकली होती, बोर्डात बसेना म्हणून. अँप लोखंडी टेबलावर ठेवलेला. त्याची मेन केबल टेबलाच्या पायाखाली चेपून फाटली होती आणि ओल्या टेबलावरून फेज, म्हणजे जिवंत करंट, अँपच्या पत्र्यावर आला होता. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त कोरसची ओळ म्हणायला माइककडे वाकलो आणि ओठ माइकच्या जाळीला लागले.

पुढचं नीट सांगता येत नाही. डावा हात गिटारच्या मानेवर आवळला गेला, सोडायचा म्हटलं तरी सुटेना. ओरडायला आवाज फुटेना. आमच्या ड्रमरला माझ्या खांद्यांवरून काहीतरी बिनसल्याचं दिसलं. त्याने स्टूल लोटून येऊन लाकडी काठीने प्लग उडवला. खालच्या ओठावर भाजल्याची खूण पुढे दोन महिने होती.

यात काय झालं ते त्या पालकांनी समजून घ्यावं, कारण मुलाच्या हातात गिटार देणाऱ्या प्रत्येक घराला हे माहीत हवं. अँपचा पत्रा जॅकच्या, म्हणजे वायर खोचायच्या भोकाच्या, बाहेरच्या भागाला जोडलेला असतो. जॅकवरून वायरची जाळी, जाळीवरून गिटारचा ब्रिज (तारा अडकवायची धातूची पट्टी), ब्रिजवरून लोखंडी तारा आणि तारांवर मुलाची बोटं. ही साखळी मुद्दाम केलेली असते; ती नसेल तर गिटार घुंईं करत राहते. अँपला अर्थ असेल तर तीच साखळी सुरक्षित असते. अर्थ तुटला आणि पत्र्यावर फेज आला, की बोटांखालच्या तारा जिवंत होतात. समोरचा माइक मिक्सरच्या अर्थला बांधलेला असतो. दोन्हींच्या मध्ये माणूस. दिवसभर मी लोकांच्या कारखान्यात अर्थिंगचे खड्डे घेत होतो, मीठ-कोळशाचे थर भरत होतो, उन्हाळ्यात त्यात पाणी घालायची आठवण मालकांना करत होतो. रात्री माझ्याच अँपची पिन मोडलेली आहे, हे मी पाहिलं नाही. त्याची खंत आजही आहे.

हे फक्त आपल्या गावजत्रांत होतं असंही नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भर स्टेजवर माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. वय सत्तावीस. डिसेंबर १९७६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या लेकलंडला किस या बँडचा एस फ्रेली जिना उतरताना लोखंडी कठड्याला टेकला आणि कोसळला. तो वाचला, आणि त्यानंतर त्या बँडने गिटारची वायरच काढून टाकली, वायरलेस घेतलं. नाचायला मोकळीक मिळते हा वायरलेसचा एक फायदा आहेच. पण मला विचाराल तर तो दुसऱ्या नंबरचा.

वायरलेसमध्ये गिटारला लागतो तो आवाज पाठवणारा तुकडा, म्हणजे ट्रान्समीटर, बॅटरीवर चालतो. त्याची साखळी तिथेच संपते. अँपच्या पत्र्यावर २३० व्होल्ट आले तरी गिटारच्या तारांपर्यंत यायला त्यांना रस्ता उरत नाही. म्हणून त्या मुलाचा हट्ट मी चैन म्हणणार नाही. पण याचा अर्थ अर्थिंग नसलं तरी चालेल असा कुणी काढला तर तो माणूस दुसऱ्या कुणाचा तरी जीव घेईल. कीबोर्डवाला वायरवरच असतो, गायिकेचा माइक बऱ्याचदा वायरचा असतो, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाला मिक्सरच्या पत्र्यावरचा करंटही पुरेसा असतो. मंडळांनी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) स्टेजच्या लाईनला बसवावा. या वायरलेसच्या पाव किमतीत तो येतो. जनरेटर असेल तर त्याचा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) अर्थला बांधलेला आहे का हे आधी बघावं. नसेल तर आरसीसीबी असून नसल्यासारखा, तो उडतच नाही. आणि वाजवणाऱ्या पोरांनी एक साधा मल्टिमीटर बॅगेत ठेवावा. एसी व्होल्टवर लावून एक पिन गिटारच्या ब्रिजवर, दुसरी माइकच्या जाळीवर. दोन-चार व्होल्टच्या वर काटा गेला तर वाजवायचं नाही, मग समोर आमदार बसलेले असोत.

आता कुठलं घ्यावं. इथे मात्र मुलांची फार फसगत होते, कारण ती किंमत आणि डब्यावर छापलेली रेंज बघून घेतात. शंभर फूट, दोनशे फूट. हे फूट मोकळ्या मैदानातले, मध्ये माणूस नसतानाचे. आपल्याला वाजवायचं असतं माणसांत.

माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी जॅकमध्ये थेट खोचायचा जोड घेतला. अंगठ्याएवढे दोन तुकडे, ट्रान्समीटर गिटारला आणि आवाज घेणारा रिसीव्हर अँपला. २.४ गिगाहर्ट्झचा, चार चॅनेलचा. हा पट्टा आपल्या देशात २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणूनच वायफाय, ब्लूटूथ, खेळण्यातली रिमोटची गाडी, सगळे त्यातच गर्दी करून असतात. संध्याकाळी पाच वाजता साउंड चेकला सगळं झकास. साडेनऊला मैदान भरलं, आणि दुसऱ्याच गाण्याच्या सोलोत आवाज तुटायला लागला. आधी टक्‌ टक्‌, मग पूर्ण गप्प, मग एकदम परत. पोरगा रडकुंडीला आला. मध्यंतरात मी वर जाऊन पाहिलं. रिसीव्हर अँपच्या मागे खोचलेला, अँप ड्रमरच्या मागे, आणि त्या अँपच्याच डोक्यावर साउंडवाल्याचा राउटर, ज्यावरून तो टॅबलेट हातात घेऊन मैदानात फिरत मिक्सर चालवत होता. तो राउटरही २.४ वरच. शिवाय स्टेजला रेटून उभी हजारभर माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन.

माणसाचं शरीर बव्हंशी पाणी, आणि ही लहर पाण्यात शोषली जाते. तिची लांबीच साडेबारा सेंटिमीटर. मध्ये ड्रमर आला की त्याच्यामागे तिची सावली पडते. पोराचा ट्रान्समीटर त्याच्या पोटापुढे, रिसीव्हर पाठीमागे आणि मध्ये तो स्वतः. आम्ही साउंडवाल्याला विनंती करून राउटर ५ गिगाहर्ट्झवर नेला. त्याने कुरकुर न करता पाच मिनिटांत करून दिलं, त्याचे आभार. एक जुनी सहा मीटरची वायर मध्ये घालून रिसीव्हर अँपपासून लांब नेला आणि स्टेजच्या कडेला माइक स्टँडवर छातीच्या उंचीला चिकटपट्टीने बांधला. पुतण्यापासून तीन-चार मीटरवर, मध्ये कुणी नाही. उरलेल्या दीड तासात आवाज एकदाही तुटला नाही. यंत्र तेच, चॅनेलही तोच.

म्हणून मी पोरांना आधी विचारतो, तू कुठे वाजवतोस? हॉलमध्ये, दीडशे-दोनशे लोकांपुढे, रिसीव्हर डोळ्यांसमोर ठेवता येत असेल तर २.४ चा बरा सेट पुरतो. ५.८ गिगाहर्ट्झचे सेटही आता मिळतात. तिथे गर्दी कमी, पण ती लहर माणसाला आणखी लवकर अडते, त्यामुळे रिसीव्हर समोर दिसलाच पाहिजे. मोठं मैदान, स्टेजवर चार-पाच वायरलेस माइक, एलईडी भिंत, कॅमेरेवाले, ड्रोन, असा मामला असेल तर यूएचएफचा (काही शे मेगाहर्ट्झवर चालणारा) कमरेला लावायचा पॅक बरा. त्या लहरी लांब असतात, माणसांच्या आडूनही बऱ्यापैकी पोचतात. मात्र ते साउंडवाल्याशी बोलूनच घ्यावं. त्याचे माइक कुठल्या मेगाहर्ट्झवर आहेत हे त्यालाच ठाऊक असतं, आणि दोन सेट एकमेकांवर चढले तर दोन्ही वाया.

यूएचएफ घेताना एक मोठा खड्डा आहे. परदेशातून कुणी नातेवाईक येतो, तिकडे स्वस्तात मिळालेला सेकंडहँड सेट आणतो. तो स्वस्त का मिळाला? अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले वायरलेस माइक १२ जून २०१० पासून बंद केले, आणि ६०० च्या पट्ट्यातले बहुतेक १३ जुलै २०२० पासून, कारण त्या लहरी मोबाइल कंपन्यांना दिल्या. ती यंत्रं मग घराबाहेर निघाली. आपल्याकडेही २०२२ च्या लिलावात ७०० चा पट्टा मोबाइलला गेला. टॉवर जवळ असेल तर अशा सेटमध्ये गिटारऐवजी खरखर ऐकायची. पॅकच्या मागच्या स्टिकरवर मेगाहर्ट्झ छापलेले असतात. विकत घेताना पहिल्यांदा ते वाचा, कंपनीचं नाव नंतर.

आवाज उशिरा पोचतो, ही तक्रारही पोरं करतात. डिजिटल सेटमध्ये थोडा उशीर होतोच. बॉस कंपनीच्या डब्ल्यूएल-२० वर २.३ मिलिसेकंद लिहिलेलं असतं, लाईन सिक्स कंपनीच्या जी-१० वर २.९ च्या आत, काही स्वस्त सेटवर पाच-सहा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे तीन मिलिसेकंद उशीर म्हणजे अँपपासून एक मीटर लांब उभं राहणं. तेवढं आपण नेहमीच राहतो. पण बाजारात ब्लूटूथवर चालणारे कराओकेचे तुकडे गिटारसाठी म्हणून खपवतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांत शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज जातात. १६० च्या लयीतल्या लावणीत मात्रेचा चौथा हिस्सा ९४ मिलिसेकंदांचा असतो. ढोलकीवाला थाप मारून पुढच्या बोलावर गेलेला असेल आणि आपला स्वर मागून येईल.

वायर काढल्यावर गिटारचा आवाज थोडा टोकदार लागतो, हेही खरं आहे. सहा मीटरच्या वायरमध्ये साधारण पाच-सहाशे पिकोफॅरडचा कपॅसिटर दडलेला असतो, तो वरचे सूर जरा मऊ करतो. माझे कान ३० वर्षं त्या मऊपणाला सरावलेले, त्यामुळे पहिल्यांदा वायरलेसवर माझीच गिटार मला परकी वाटली. काही सेट वायरचा तो परिणाम मुद्दाम घालतात. डब्ल्यूएल-२० मध्ये तो आहे, त्याच्याच जोडीच्या डब्ल्यूएल-२०एल मध्ये नाही. गिटारमध्ये बॅटरीचे पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) असतील किंवा ती अकूस्टिक असेल तर हा २०एल घ्यायचा. पेडल (आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे) वापरणाऱ्यांनी मात्र अँपवरच्या ट्रेबलची कळ आधी थोडी मागे घ्यावी, यंत्राला नावं ठेवण्यापूर्वी. जुन्या अॅनालॉग यूएचएफमध्ये आवाज पाठवताना दाबतात आणि पलीकडे पुन्हा फुलवतात. लांब धरलेला स्वर विरत जातो तेव्हा मागे श्वास घेतल्यासारखी सूं ऐकू येते. ऑर्केस्ट्रात ती कुणाच्या कानी पडत नाही; रेकॉर्डिंगला पडते.

दुकानात जाताना स्वतःची गिटार घेऊन जा. स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) धाटणीच्या गिटारीचा जॅक होडीसारख्या खोलगट पत्र्यात तिरपा असतो, आणि जाड अंगाचे खोचायचे ट्रान्समीटर त्यात बसतच नाहीत. वळणारा सांधा असलेलाच घ्यावा लागतो. नेट-खरेदी करून आलेले असे दोन सेट माझ्यासमोर परत गेले आहेत.

आणि बॅटरी. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद, ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत, म्हणजे कार्यक्रम तीन-साडेतीन तासांचा. पण साउंड चेकला सेट चारला चालू होतो आणि कुणी बंद करत नाही. बऱ्याच स्वस्त सेटमध्ये आत बसवलेल्या लिथियम बॅटरीचे चार-पाच तास नवेपणीचे. दोन मोसमांनंतर ते तीनवर येतात. कमरेच्या पॅकमध्ये साधे पेन्सिल सेल लागतात, शुअर कंपनीच्या बीएलएक्ससारख्या पॅकमध्ये दोन सेल चौदा तासांपर्यंत जातात, आणि ते रात्री दहा वाजता कुठल्याही गावच्या पानटपरीवर मिळतात. गावोगाव फिरणाऱ्याला मी हाच सल्ला देतो. वायर तरीही बॅगेत असलीच पाहिजे, दोन्ही जॅक तपासून.

त्या पालकांच्या पत्रात एक ओळ अशी होती, की मुलाचा ग्रुप सध्या मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत सराव करतो आणि गणपतीत दोन मंडळांनी बोलावलं आहे. तसं असेल तर सरावाला वायरच राहू द्या. बारा हजारांपैकी पाचशे-सातशेचा मल्टिमीटर आज घ्या आणि त्या गच्चीवरच्या प्लगला अर्थ आहे का ते बघा, नसेल तर आधी तो घालून घ्या. दोन कार्यक्रमांसाठी साउंडवाल्याकडून सेट भाड्याने मिळतो. भरल्या मैदानात, लोक उभे असताना वाजवून बघितल्यावरच मुलाला कळेल की त्याला काय लागतं. साउंड चेकच्या वेळी मंडळाच्या वीस-पंचवीस कार्यकर्त्यांना खिशात फोन चालू ठेवून स्टेजपुढे उभं करा आणि अख्खं गाणं वाजवू द्या. ते नाही म्हणणार नाहीत.

मंडळं आमच्या इचलकरंजीतली असतील तर मला निरोप द्यावा. मी टेस्टर आणि मीटर घेऊन संध्याकाळी चारला येतो, पैसे घेत नाही.

आपला,
एक निवृत्त वायरमन व गिटारवादक,
इचलकरंजी